आधी खडा कुठला ते सांग

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

मुतखड्याच्या गोळ्यांचा तुझा तक्ता मिळाला. पोटॅशियम सायट्रेट, हायड्रोक्लोरोथायझाइड, अ‍ॅलोप्युरिनॉल. किंमत, डोस, त्रास, सगळं नीट मांडलंयस. खाली प्रश्न, "काका, यातलं सगळ्यात चांगलं कुठलं?" सव्विसाव्या वर्षी दोनदा मुतखडा झाल्यावर माणूस घाबरतोच. पण तक्त्यात एक रकानाच नाही. खडा कुठला?

रागावू नकोस. इंदूरच्या दवा बाजारात माझं आयुष्य गेलं. रोज कुणीतरी यायचं, "भैया, पथरी की दवा दे दो." मी बाटली काढून द्यायचो. कुठली पथरी, हे मी एकदाही विचारलं नाही. चिठ्ठीवर प्रश्न विचारायचे नसतात, हा धंद्याचा नियम, आणि घर त्याच्यावरच चालत होतं. तरी विचारायला काय पैसे पडत होते?

माझा स्वतःचा पहिला खडा भांड्यात टुणकन वाजला आणि मी वरून बादली ओतली. सुटलो म्हणालो. मग एका डॉक्टरांनी दूध-दही बंद करायला सांगितलं, ते मी अकरा वर्षं पाळलं. खडे होतच राहिले. २००२ साली इटलीतला अभ्यास छापून आला: कॅल्शियमचे खडे वारंवार होणारे १२० पुरुष, पाच वर्षं. दूध तोडणाऱ्यांपेक्षा नेहमीइतकं कॅल्शियम खाऊन मीठ आणि मांस कमी करणाऱ्यांना खडे निम्म्याने कमी झाले. ऑक्झलेट म्हणजे अन्नातलं, कॅल्शियमशी जुळून खडा करणारं द्रव्य; जेवणातलं कॅल्शियम त्याला आतड्यातच धरून ठेवतं, मग ते लघवीत कमी उतरतं. अकरा वर्षं गं! श्रीखंडसुद्धा सोडलं होतं मी.

आता तुझ्या गोळ्या. युरिक अ‍ॅसिडचा खडा असेल तर सायट्रेटने लघवीचा आम्लपणा कमी होतो आणि खडा विरघळूही शकतो. अ‍ॅलोप्युरिनॉल शरीरात युरिक अ‍ॅसिड कमी बनू देतं, पण तिथे आधी त्याच्याकडे धावायचं नसतं. कॅल्शियम ऑक्झलेटचा असेल आणि लघवीत खडा अडवणारं सायट्रेट कमी असेल, तरीही सायट्रेटच. पण कॅल्शियम फॉस्फेटचा निघाला तर? लघवीचा आम्लपणा फार उतरून ती अल्कधर्मी झाली की तोच खडा वाढायची भीती. गोळी तीच, खडा वेगळा. कळतंय ना मी काय म्हणतोय?

थायझाइड लघवीतलं कॅल्शियम कमी करतं, म्हणून वर्षानुवर्षं दिलं गेलं. २०२३ साली स्वित्झर्लंडमधली मोठी चाचणी आली, ४१६ रुग्ण, जवळजवळ तीन वर्षं. खडे परत होण्यात हायड्रोक्लोरोथायझाइड आणि खोटी गोळी यांत ठळक फरक दिसला नाही. उलट रक्तातलं पोटॅशियम उतरणं, गाउट (युरिक अ‍ॅसिडने सांधे सुजणं), मधुमेह हे त्रास गोळीवाल्यांत जास्त. लघवीत कॅल्शियम फारच जात असेल तर काही डॉक्टर अजूनही थायझाइड देतात, तो त्यांचा निर्णय. पण एकीकडे ते घ्यायचं आणि दुसरीकडे पोह्यांवर मूठभर सेव, संध्याकाळी पुन्हा नमकीन? मिठाने लघवीतलं कॅल्शियम वाढतं. मग गोळीने काय करायचं?

चोवीस तासांची लघवी तपासून घे. कॅल्शियम, ऑक्झलेट, सायट्रेट, युरिक अ‍ॅसिड, सोडियम, सगळं. त्या दिवशी शहाण्यासारखं खाऊ नकोस, रोजचंच खा, नाहीतर रिपोर्ट खोटा येईल.

आणि पाणी. फिल्डवर बाथरूम मिळत नाही म्हणून तू दिवसभर कोरडी राहतेस, हे तुझ्या आईने सांगितलं. आपलं इंदूर स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं आलं, आणि मुलीला पाणी प्यायची चोरी! चूक तुझी नाही, तरी खडा तुलाच होणार. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी. मे महिन्यात त्यासाठी किती प्यावं लागेल याचा हिशेब कर. सुलभ शौचालयं कुठे आहेत ते तक्त्यात भर, तुला तक्ते आवडतातच.

दुसरा खडा दुर्बिणीने काढला तेव्हा तुकडे प्लास्टिकच्या डबीत घालून दिले होते. मी बघितलेत. तुझ्या आईने ती डबी देव्हाऱ्याखालच्या खणात, रिपोर्टांच्या पिशवीत ठेवली होती. दिवाळीच्या सफाईत गेली नसेल तर सोमवारी घेऊन ये, आपण लॅबमध्ये देऊ.

तुझा,
काका