वाचकांचे प्रश्न : वीजकेंद्रावर क्षेपणास्त्र, हे युद्ध की दहशतवाद?

प्रश्न : रशिया युक्रेनच्या वीजकेंद्रांवर क्षेपणास्त्रं सोडतो आणि वर ती 'लष्करी लक्ष्यं' म्हणतो. मग दहशतवादापेक्षा हे वेगळं कसं?

उत्तर : दहशतवादाची सगळ्या देशांना मान्य अशी व्याख्या आजही नाही. युद्धाचा कायदा त्या शब्दात न अडकता एकेका माऱ्याचा हिशेब मागतो.

युद्धात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या कराराचं, म्हणजे १९७७च्या पहिल्या जिनिव्हा पूरक प्रोटोकॉलचं, कलम ५२ दोन गोष्टी तपासतं. त्या ठिकाणाचा शत्रूच्या लष्करी कारवाईला खरोखर हातभार लागतो का, आणि ते उडवल्याने त्या घडीला निश्चित लष्करी फायदा होतो का? रणगाड्यांच्या कारखान्याला वीज देणारं उपकेंद्र या कसोटीवर लष्करी लक्ष्य ठरू शकतं. लोकांचं मनोधैर्य खचवणं हा मात्र लष्करी फायदा नव्हे.

गाडं अडतं ते त्याच प्रोटोकॉलच्या कलम ५१पाशी. नागरिकांचं संभाव्य नुकसान फायद्याच्या मानाने फार जास्त असेल, तर मारा बेकायदा. वीज गेली की पाण्याचे पंप थांबतात, पाठोपाठ सांडपाण्याचे. युक्रेनच्या शहरांत घरं उबदार ठेवणारं गरम पाणी मध्यवर्ती केंद्रातून येतं. ते थांबलं की कडाक्याच्या थंडीत पाणी गोठून नळ्याच फुटतात. त्यात ३३० किलोव्होल्टचा ट्रान्सफॉर्मर तयार मिळत नाही, बनवून घ्यायला वर्षभरही लागतं.

मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने याच प्रकरणात कोबिलाश आणि सोकोलोव्ह या दोन रशियन सेनाधिकाऱ्यांवर अटक वॉरंट काढलं. काही केंद्रं लष्करी लक्ष्य मानली तरी नागरिकांचं नुकसान उघडच अवाजवी ठरलं असतं, असा न्यायाधीशांचा रोख होता. अर्थात वॉरंट म्हणजे निकाल नव्हे.

'दहशत' हा शब्दही कलम ५१मध्ये आहेच : नागरिकांत दहशत पसरवणं हाच मुख्य हेतू असलेला हिंसाचार निषिद्ध. १९९०च्या दशकातल्या बोस्निया युद्धात, राजधानी सारायेव्होच्या वेढ्यात नागरिकांवर चाललेल्या गोळीबार-तोफमाऱ्याबद्दल बोस्नियन सर्ब सैन्याच्या जनरल गालिचला याच आधारावर दोषी धरलं गेलं. २००६ मध्ये अपिलात त्याची २० वर्षांची शिक्षा जन्मठेपेवर गेली.

प्रश्न : कसाबवर 'देशाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा' आरोप होता. मग तो युद्धकैदी का नव्हता?

उत्तर : शब्द एक, कायदे दोन. तो आरोप भारतीय दंडविधानाच्या कलम १२१खालचा (आता भारतीय न्याय संहितेचं कलम १४७). त्यासाठी दोन सैन्यांची लढाई लागत नाही. युद्धकैद्याचा दर्जा मुख्यतः देशांमधल्या सशस्त्र संघर्षात पकडलेल्या सैनिकांना मिळतो. कसाब कुठल्याही देशाच्या सैन्यात नव्हता, म्हणून खटला मुंबईच्या विशेष न्यायालयात साध्या फौजदारी कायद्याने चालला.