वाचकांचे प्रश्न : दरीतला शिपाई आणि सोलापूरचं ऊन

प्रश्न : आमच्या वाङ्मय मंडळात आर्थर रँबोच्या ‘दरीत झोपलेला’ या फ्रेंच सुनीताचा अनुवाद चाललाय. मुलं विचारतात, यात युद्ध हा शब्दच नाही, सगळं निसर्गवर्णन. मग ही युद्धविरोधी कशी? शिवाय अनुवाद वाचून कुणी दचकतही नाही. चुकतंय कुठं?
— एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : कविता ऑक्टोबर १८७० ची, फ्रान्स-प्रशिया युद्ध चालू असतानाची. रँबो तेव्हा जेमतेम सोळाचा. चौदा ओळींत शिपाई येतो पाचव्या ओळीत आणि त्याला लागलेल्या गोळ्या कळतात थेट चौदाव्यात. मधे ‘तो झोपलाय’ हे तीनदा येतं, चौथ्यांदा ‘डुलकी घेतोय’ म्हणून. नदी गाते, उजेड पावसासारखा पडतो, गवत अंथरूण होतं, आणि अकराव्या ओळीत कवी निसर्गालाच विनवतो : याला उबेत जोजव, याला थंडी वाजतेय. आईनं करायचं ते सगळं निसर्ग करतोय, पण मेलेल्या पोराला. युद्धावरचा आरोप तो हाच. मुलांना खुणा शोधायला लावा : उघडं तोंड, फिका चेहरा, आजारी पोरासारखं हसू, फुलांच्या वासानंही न हलणारी नाकपुडी.

दचका बसत नाही, कारण बहुतेक अनुवाद शेवटचं गुपित आधीच फोडतात. सातव्या ओळीत ‘चिरनिद्रा’ आली की पेपरातलं निधनवृत्त डोळ्यांपुढं येतं आणि कविता तिथंच संपते. ‘निपचित’, ‘शहीद’, ‘निष्प्राण’ हेही नकोत. साधं ‘झोपलाय’ लिहा, आणि तेच पुन्हा पुन्हा. पर्यायी शब्दांची हौस इथं आवरायची.

शिपायाची मान ज्या निळसर पाल्यात भिजतेय, त्याला शब्दकोश ‘अळीव’ सुचवेल. ते लिहिलंत तर वाचकाला बाळंतिणीचे लाडू आठवतील. ‘ओढ्याकाठचा ओला पाला’ पुरे. पायाशी असलेल्या फुलांना ‘ग्लॅडिओला’ म्हटलं तर सत्काराचा गुच्छ दिसतो. तीही पाण्याकाठची रानफुलंच करा. (त्या फुलाच्या फ्रेंच नावाच्या मुळाशी लॅटिनमधली ‘छोटी तलवार’ आहे. ती मराठीत येत नाही, सोडून द्या.)

सोलापूरकरांची खरी अडचण उन्हाची. रँबोचं ऊन मायेचं आहे, आणि त्या उन्हातही पोरगा गारठलाय, ही खूण. आपल्याकडं नुसतं ‘उन्हात झोपलाय’ म्हटलं की ऐकणारा म्हणणार, ऊन लागलं असेल! ‘कोवळं ऊन’ किंवा ‘थंडीतलं ऊन’ असं लिहा.

आणि एक शब्द जपा. पहिल्या ओळीतली हिरवी जागा आणि शेवटच्या ओळीतल्या जखमा, दोन्हींना फ्रेंचमध्ये एकच शब्द आहे : भोक, खळगा. पहिल्या ओळीत ‘हिरवा खळगा’ केलात तर शेवटीही ‘उजव्या कुशीला दोन लाल खळगे’ ठेवा. कानाला खटकेल, खटकू द्या. ‘गोळी’ हा शब्द आणायचा नाही. म्हणताना शेवटच्या ओळीतल्या पहिल्या शब्दावर, ‘शांत’वर, पूर्ण थांबा, मग शेवटचं वाक्य आवाज न चढवता सपाट म्हणा.

प्रश्न : याच जातीच्या आणखी फ्रेंच कविता सुचवा. वार्षिक अंकात छापता येतील का?
— एक ग्रंथपाल, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : जाक प्रेव्हेरची ‘बार्बरा’ सोलापुरात न समजावता पोचेल. फ्रान्सच्या ब्रेस्त शहरात पाऊस पडतोय, तो शहाणा, सुखी पाऊस. पावसाची वाट बघणाऱ्या गावाला तो वेगळा सांगावा लागत नाही. मग लोखंडाचा, आगीचा, पोलादाचा, रक्ताचा पाऊस येतो. ब्रेस्त दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या लढाईत उद्ध्वस्त झालं. शेवटी पुन्हा साधाच पाऊस आहे, पण सुतकी, आणि ढग कुत्र्याच्या मौतीनं मरतात. मधली युद्धावरची शिवी ‘केवढा हा मूर्खपणा’ अशी सोज्वळ करू नका, ओळीचा दम जातो.

लुई आरागाँची ‘लायलॅक आणि गुलाब’ १९४० ची, फ्रान्स जर्मनीपुढं हरला तेव्हाची : बेल्जियमच्या फ्लांडर्सकडं जाताना सैनिकांना मिळालेली लायलॅकची फुलं, माघारीच्या वाटेवरचे फ्रान्सच्या आंझू भागातले गुलाब, आणि मधे पॅरिस पडल्याची बातमी. तिच्यात निषेधापेक्षा दुःख जास्त. विरामचिन्हं एकही नाही. अनुवादात घालू नका. व्हिक्टर ह्यूगोची एक कविता उलट सरळ टोमणा मारते : सहा हजार वर्षं माणसांना युद्धच आवडतंय, देव तारे आणि फुलं घडवण्यात वेळ फुकट घालवतोय. सुरुवातीला हीच घ्या, ती लगेच पोचते.

छापण्याचं म्हणाल तर आपल्याकडं कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो, अनुवादालाही परवानगी लागते. ह्यूगो (मृत्यू १८८५) आणि रँबो (१८९१) मोकळे आहेत. प्रेव्हेर १९७७ मध्ये गेले, म्हणजे २०३७ अखेरपर्यंत थांबा; आरागाँ १९८२ मध्ये, म्हणजे २०४२.