घोड्याचा 'डायल्यूट' रंग: विरल, विटका की फिका?

प्रश्न असा आहे: घोड्या-गाढवांच्या रंगांच्या आनुवंशिकीवरचा मजकूर मराठीत आणताना 'डायल्यूशन'ला, म्हणजे जनुकामुळे मूळ रंग फिका होण्याला, 'विरलन' म्हणावे का? आणि 'पॅलोमिनो', 'बकस्किन', 'डन' यांना आपल्याकडे शब्द आहेत, की तेच ठेवावेत?

'विरल' आला प्रयोगशाळेतून. विरल आम्ल आपल्याला शाळेतच भेटलेले असते. पण 'विरल केस' म्हटले की मराठी वाचकाला टक्कल दिसणार. 'उतरलेला', 'विटका' हे तर जास्तच फसवे, कारण त्यांत काळ दडलेला आहे: आधी गडद होता, मग गेला. तसा वयाबरोबर रंग जाणारा घोडा म्हणजे सब्जा. तो काळा किंवा तांबडा जन्मतो आणि त्याचे केस पिकत जातात. त्याचे जनुक वेगळे, त्याचा डायल्यूशनशी संबंध नाही. म्हणून मी साधे 'फिका' घेईन, आणि जनुकाला 'रंग फिका करणारे जनुक'. शब्द लांबतो, पण समजतो.

आता रंगांची नावे. मूळ रंग तीन: मुश्की म्हणजे काळा, सुरंग म्हणजे आयाळीसकट तांबूस, आणि कुमाईत म्हणजे अंग तांबूस पण आयाळ, शेपूट, पाय काळे. क्रीम नावाच्या जनुकाची एकच प्रत आली तर ती तांबड्या रंगद्रव्याला सोनेरी करते, काळ्याला जवळजवळ हात लावत नाही. त्यामुळे सुरंगाचा पॅलोमिनो होतो, आयाळ पांढुरकी. कुमाईताचा बकस्किन होतो, अंग पिवळे पण आयाळ-शेपूट काळीच. या दुसऱ्यासाठी आपल्याकडे फारसीतून आलेला 'समंद' आहे. तो खुशाल वापरावा. अडचण एवढीच की समंदात डनही मावतो.

डनचे जनुक निराळे, टीबीएक्स-३. ते तांबडे आणि काळे दोन्ही फिके करते, पण मणक्यावर गडद रेघ ठेवते आणि बहुधा पायांवर पट्टेही. कसे, ते फार सुंदर आहे: केस घडताना रंगद्रव्य त्याच्या एकाच बाजूला बसते, दुसरी बाजू रिकामी राहते. (इथे मात्र 'विरल' अक्षरशः बसला असता!) तेव्हा क्रीमवाल्याला 'समंद' आणि डनला 'रेघेचा समंद' म्हणावे असे मी सुचवतो. ही जोडणी माझी आहे, कोशातली नाही.

पॅलोमिनोसाठी मात्र मागे जावे लागते. जैन पंडित हेमचंद्राच्या 'अभिधानचिंतामणी' या संस्कृत कोशात, म्हणजे १२व्या शतकातल्या गुजरातेत, घोड्यांच्या रंगांची एक लांबलचक यादी आहे: सेराह, खोंगाह, त्रियूह, कुलाह, उराह. कानाला संस्कृत वाटत नाहीत ना? तो स्वतःच आपल्या कोशावरच्या टीकेत यांना 'देशीप्राय', म्हणजे बहुतेक देशी, म्हणून मोकळा होतो. त्याआधीच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथातही अशी नावे येतात, आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी या नावांचा मागोवा घेतला आहे. मला यातली व्याख्येची पद्धत आवडते. त्रियूह म्हणजे कपिल, पिंगट. तोच पांढुरक्या आयाळ-शेपटीचा असेल तर वोल्लाह. किंचित पिवळा आणि गुडघ्यांशी काळा तो कुलाह. किंचित पांढुरका आणि काळ्या तंगड्यांचा तो उराह. अंगाचा रंग आयाळ-पायांच्या रंगासोबत सांगितला आहे, आणि फिका घोडा कोणत्या जनुकाचा हे ओळखायला आजही पहिल्यांदा तेच पाहतात. तरी वोल्लाह म्हणजे पॅलोमिनोच असे कोणी छापू नये. क्रीम नसलेल्या सुरंगाचीही आयाळ कधी कधी पांढुरकी असते, आणि हेमचंद्राची व्याख्या त्यालाही लागू पडते. 'पॅलोमिनो' ठेवा, 'सोनेरी' विशेषण लावा.

त्याच यादीत 'सुरूहक' आहे, व्याख्या 'गर्दभाभ', गाढवाच्या रंगाचा. हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. राखी गाढव, पाठीवर रेघ, खांद्यावर आडवा पट्टा, हे डनचेच रूप आहे. काळ्या घोड्यावर डन आला की घोडाही तसाच राखाडी होतो. डनचा हा परिणाम हरवलेल्या काळ्या गाढवांतही टीबीएक्स-३जवळचाच बदल सापडला आहे. ज्याला स्पॅनिशवरून 'ग्रुला' म्हणतात त्या घोड्याला 'सुरूहक' म्हणायला माझी हरकत नाही, फक्त पहिल्यांदा वापरताना कंसात अर्थ द्यावा.

शेवटी 'नुकरा'. सुरंगात क्रीमच्या दोन प्रती आल्या की सायीच्या रंगाचा, निळ्या डोळ्यांचा, गुलाबी कातडीचा क्रेमेलो होतो. नुकऱ्याचीही कातडी गुलाबीच, म्हणून भाषांतरात दोघे सहज एक होतात. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नुकरा म्हणजे पांढराशुभ्र घोडा. त्या शब्दाला जनुकाशी देणेघेणे नाही. दोन प्रतींच्या घोड्याला 'क्रेमेलो'च लिहावे. आणि सार्डिनियाजवळच्या असिनारा बेटावरची पांढरी गाढवे मजकुरात आली तर त्यांना 'फिकी' म्हणू नका. ती वर्णहीन आहेत, रंगद्रव्य बनवायला लागणाऱ्या टायरोसिनेज या विकराच्या जनुकातल्या बिघाडाने. त्यांच्यासाठी मराठीत 'कोड' नव्हे, 'रंगहीन' किंवा 'अल्बिनो'.