यादी आधी बाजूला ठेव

चार्ल्स्टन, ऑगस्ट

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

दर महिन्याला गला-गीची, म्हणजे अमेरिकेच्या या किनाऱ्यावर आणलेल्या आफ्रिकी गुलामांच्या वंशजांच्या, पद्धतीचं सहभोजन करायचं तू मनावर घेतलंस, याचा फार आनंद झाला. पण आफ्रिकेतून मागवायच्या जिनसांची तुझी लांबलचक यादी वाचून लगेच लिहायला बसले.

साउथ कॅरोलायनाच्या या किनाऱ्यावर माणसं गुलाम म्हणून आणली गेली तेव्हा त्यांच्यापाशी होतं ते डोक्यात आणि हातात. भात कसा लावायचा, कसा कांडायचा, चवळी भातात कधी घालायची. बाजारात गवताच्या विणलेल्या टोपल्या विकायला असतात ना, त्यांचं मूळ भात पाखडायच्या सुपात आहे. भांड्यात पडलं ते मात्र इथल्या मातीचं नि खाडीचं. म्हणून तूही आधी शेतकऱ्याला विचार, या आठवड्यात काय निघतंय?

सध्या भेंडी आणि टोमॅटो. भेंडी बोटभर, कोवळीच घे. तिचा कोळंबी घालून रस्सा कर. सोबत लाल भात. हा सेनेगलच्या टोमॅटो-भाताचा भाऊबंद. तिकडच्या मासे-भाताला २०२१ मध्ये युनेस्कोने वारसा यादीत घेतलं. तो एकाच परातीभोवती बसून खातात. टोमॅटो तेल सुटेपर्यंत आटव, पाणी बेतानेच घाल. मी पहिल्यांदा ३० माणसांचा भात एकाच खोल पातेल्यात केला. वर कच्चा, खाली गिचका. दोन पसरट भांडी घे आणि झाकून ओव्हनमध्ये मुरू दे. दाणा मोकळा राहिला पाहिजे.

हिवाळ्यात भेंडी विसर. तेव्हा कॉलर्डची, म्हणजे कोबीच्या कुळातल्या एका पालेभाजीची, पानं असतात, दहिवर गोठायला लागलं की गोडीला येतात. १ जानेवारीला ती लाल चवळीच्या भाताबरोबर कर, इथली तशीच रीत आहे.

गोडा मसाला घालायचा मोह तुला होणारच. पहिलं वर्षभर आवर. आधी त्यांची चव जिभेवर बसू दे. आपली चवळीची उसळ वेगळ्या भांड्यात, आपल्याच नावाने मांड. चवळी आपल्याकडे आफ्रिकेतूनच आली आणि तीळ आपल्याकडून तिकडे गेले. इथे तिळाला अजून ‘बेनी’ म्हणतात, तो शब्दही पश्चिम आफ्रिकेतला. हे जेवताना सांग, लोक ऐकतील.

एका गोष्टीत मात्र मी हट्टी आहे. वारसांच्या सामाईक जमिनी हातातून जाऊन या गला-गीची लोकांच्या किनाऱ्यावर हॉटेलं नि गोल्फची मैदानं उभी राहिली. त्यांच्या स्वयंपाकावर जमणारा पैसा तरी त्यांच्याकडे जाऊ दे. भाजी आणि कोळंबी आधी त्यांच्याकडून घे. चुलीची मुख्य म्हणून त्यांच्यातल्याच एखाद्या जाणत्या बाईंना बोलाव, मानधन आधीच ठरव, आणि त्या सांगतील तसं तू चिर, निवड, ढवळ.

मी शनिवारी सकाळीच येते. मोठी परात माझ्याकडे आहे, ती विकत घेऊ नकोस.

तुझी,
मावशी