जुनी सात आसनी गाडी घेताना: इंजिनाच्या आधी आरसीवरचा बोजा

घरात सहा माणसे, त्यांपैकी दोघे सत्तरीच्या पुढचे, खर्चाची मर्यादा सहा लाखांची, आणि पुण्यातील एका दलालाकडे पाहून ठेवलेली २०१६ ची डिझेल अर्टिगा. गाडीचे कर्ज फिटलेले आहे, बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आठवड्याभरात येईल, पण दुसरे गिऱ्हाईक तयार असल्यामुळे पूर्ण रक्कम याच आठवड्यात हवी, असे दलालाचे म्हणणे. तुमच्या प्रश्नातील ही शेवटची ओळ वाचली आणि २०१९ चे माझे अख्खे वर्ष डोळ्यांपुढे उभे राहिले. इंजिनात काय काय तपासावे, असे तुम्ही विचारले आहे. त्याचे उत्तर तुमचा नेहमीचा मेकॅनिक माझ्यापेक्षा चांगले देईल, म्हणून ऑइल, क्लच, सस्पेन्शन यांविषयी मी लिहीत नाही. तुम्ही जे विचारलेले नाही, त्याविषयीच मला लिहायचे आहे.

आधी एक खुलासा करतो. मी वकील नाही आणि आरटीओचा एजंटही नाही. सोलापुरात चादरी आणि टॉवेलचा व्यवसाय करणारा, गेल्या बारा वर्षांत तीन सात आसनी गाड्या वापरलेला एक कुटुंबवत्सल माणूस आहे. माझे अनुभव माझ्यापुरते खरे आहेत. नियम आणि शुल्क बदलत असतात, तेव्हा पैसे देण्यापूर्वी आरटीओमध्ये स्वतः विचारून घ्यावे.

२०१९ च्या अक्षय्य तृतीयेला गाडी दारात यावी, असा घरातील सर्वांचा आग्रह होता. पुण्याच्या एका दलालाकडे २०१४ ची डिझेल गाडी मिळाली. गाडी खरोखरच उत्तम होती, आणि माझा मेकॅनिक बरोबर होता, त्यानेही पसंत केली. आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, एका फायनान्स कंपनीचा बोजा, म्हणजे गाडी कर्जाला तारण असल्याची नोंद होती, परंतु मूळ मालकाने कर्जखाते बंद झाल्याचे पत्र दाखवले. पत्र खरे होते. मी गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे आपण ज्यांना टीटी फॉर्म म्हणतो त्यांवर, सह्या घेतल्या, पाच लाख चाळीस हजार रुपये चुकते केले आणि मुहूर्तावर गाडी घरी आणली. बोजा उतरवण्यासाठी लागणारा फॉर्म ३५ हातात नव्हता. तो पंधरा दिवसांत येईल, या शब्दावर मी थांबलो आणि तीच माझी सर्वांत महाग चूक ठरली.

खाते बंद झाल्याचे पत्र आणि बोजा उतरणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळले नव्हते. आरसीवरील बोजा उतरवण्यासाठी कर्ज देणाऱ्या संस्थेची एनओसी आणि तिच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो. माझ्या प्रकरणात एनओसी पूर्वी एकदा निघालेली होती, मात्र तिच्यावर छापलेली तीन महिन्यांची मुदत मूळ मालकाने आळसाने घालवली होती. नवीन एनओसीसाठी त्या कंपनीच्या कार्यालयात गेलो, तर कर्जदाराने स्वतः यावे असे सांगण्यात आले. कर्जदाराची बदली दुसऱ्या राज्यात झालेली. त्याला विनवण्या करून आणले, तेव्हा समजले की तो आपल्या भावाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीन आहे, त्या कर्जाचे दोन हप्ते थकलेले आहेत आणि म्हणून या गाडीचीही एनओसी रोखून धरलेली आहे. ज्या ट्रॅक्टरशी, ज्या भावाशी आणि ज्या कर्जाशी माझा काडीचा संबंध नव्हता, त्यांच्यामुळे माझी पूर्ण पैसे मोजलेली गाडी दुसऱ्याच्या नावावर अडकून राहिली. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर. अशा चार फेऱ्या मी त्या एका कागदासाठी केल्या. प्रत्येक वेळी टेबल बदललेले, माणूस बदललेला, आणि माझा आधीचा अर्ज कोणालाच सापडत नसे. पहिल्या तीन फेऱ्यांत मी अर्जाची पोच घेतली नाही, याचा मला आजही राग येतो. चौथ्या वेळी पोच घेतली, लेखी तक्रार केली, आणि मगच फाईल हलली.

या सगळ्यात गेलेल्या आठ महिन्यांतच, गळीत हंगामात, रात्री मोहोळच्या अलीकडे उसाच्या ट्रॉलीला गाडी मागून घासली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हते. देवाच्या कृपेने कोणाला इजा झाली नाही. दुरुस्तीचा खर्च अडुसष्ट हजार रुपये आला आणि विमा कंपनीने दावा नाकारला, कारण पॉलिसी मूळ मालकाच्या नावावर होती. गाडी विकली गेली की तृतीय पक्षाचे संरक्षण कायद्याने नव्या मालकाकडे येते, परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण आपोआप येत नाही. त्यासाठी विक्रीपासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे पॉलिसी आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा लागतो. मी आरसी नावावर होण्याची वाट पाहत बसलो आणि हा अर्ज दिलाच नाही. तुम्ही कोणतीही जुनी गाडी घ्या, हे १४ दिवस दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याचाच राहतो. त्यामुळे नाव बदलताना फरकाची रक्कम भरावी लागेल, ती बिनतक्रार भरावी.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे, आणि ते कोणाला अतिसावध वाटले तरी मी बदलणार नाही. आरसीवर बोजा असलेल्या गाडीची पूर्ण रक्कम फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय कोणालाही देऊ नये, मग दलाल ओळखीचा असो वा नात्यातला. कर्ज बाकी असेल, तर मालकाला घेऊन संबंधित शाखेत जावे, बाकी रकमेचे पत्र घ्यावे, तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरावी आणि त्याच वेळी या कर्जदाराच्या नावावर दुसरे कर्ज किंवा जामीनकी आहे का, हे लेखी विचारावे. कर्ज फिटलेले असेल, तर मग एनओसी आज का नाही, एवढा एकच प्रश्न विचारावा. किरकोळ इसार देऊन, त्यावर तारीख, चासी क्रमांक आणि बोजा न उतरल्यास इसार परत करण्याची अट लिहून घेऊन थांबावे. आता अनेक बँका बोजा उतरल्याची नोंद थेट ‘वाहन’ या सरकारी नोंदणी प्रणालीत ऑनलाइन पाठवतात, त्यामुळे एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकून बोजाची नोंद निघाली आहे का, हे घरबसल्या पाहता येते. तेथेच विम्याची मुदत आणि पीयूसीही दिसते. ई-चलने वेगळी तपासावीत, कारण जुन्या मालकाचा दंडही शेवटी गाडी वापरणाऱ्यालाच निस्तरावा लागतो.

मालक टाळाटाळ करत असेल, तर त्याला त्याच्याच हिताची एक गोष्ट सांगा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे की, गाडी प्रत्यक्षात कितीही वेळा विकली गेली, तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक ठरतो आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येऊ शकते. हे ऐकल्यावर माझ्या गाडीचा मूळ मालक तिसऱ्या दिवशी पुण्यात हजर झाला होता.

आता गाडीकडे येतो. त्या काळातील अर्टिगाचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन स्विफ्टसह अनेक गाड्यांत होते, त्यामुळे सोलापुरातील कोणत्याही चांगल्या गॅरेजला ते तोंडपाठ आहे. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केले असले, तरी सुट्या भागांची अडचण मला आलेली नाही. असे मी बंद पडलेल्या इतर सात आसनी गाड्यांविषयी म्हणणार नाही. शेव्हरोले एन्जॉय, होंडा मोबिलिओ, रेनॉ लॉजी या गाड्या जुन्या बाजारात फार स्वस्त दिसतात. त्या घेण्यापूर्वी हेडलाइट, बंपर आणि क्लच प्लेट किती दिवसांत मिळेल, हे आधी गॅरेजवाल्याला विचारावे आणि मगच किमतीकडे पाहावे. मात्र तुमची धाव रोज जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी एवढीच असेल आणि महिन्यातून एकदा पंढरपूर किंवा तुळजापूर घडत असेल, तर डिझेलचा आग्रह मला पटत नाही. २०१८ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या पिढीची १.५ लिटर पेट्रोल गाडी थोडी महाग पडली, तरी तुमच्या वापराला अधिक योग्य आहे. कारखान्यातून आलेली सीएनजी गाडी चालवायला स्वस्त आहे, पण तिची टाकी तिसऱ्या रांगेच्या मागे बसते. सहा माणसांच्या पिशव्या कोठे ठेवणार, याचा विचार आधी करावा.

एक इशारा विशेषतः सोलापूरकरांसाठी. आपण सीमेवर राहत असल्यामुळे विजयपुराची केए-२८, कलबुर्गीची केए-३२ आणि हैदराबादची गाडी आपल्याकडे सर्रास विकायला येते आणि ती एमएच-१३ पासिंगच्या गाडीपेक्षा ठळकपणे स्वस्त असते. त्या स्वस्ताईत मूळ आरटीओकडून घ्यायची फॉर्म २८ ची एनओसी, महाराष्ट्रात नव्याने भरायचा कर आणि मूळ राज्यातून कर परत मिळवण्याचा त्रास दडलेला असतो. तो सर्व खर्च मिळवून मगच तुलना करावी. दुसरा सापळा पिवळ्या पाटीचा. टुरिस्ट परमिटवर धावलेल्या सात आसनी गाड्या पाटी पांढरी करून विकल्या जातात. आरसीवरील नोंदींचा इतिहास आणि अधिकृत सेवा केंद्रातील सर्व्हिसची नोंद मागवली, तर हे उघड होते. चार वर्षांत दोन लाख किलोमीटर धावलेली गाडी मीटरवर साठ हजार दाखवत असेल, तरी पेडलची रबरे आणि ड्रायव्हरच्या आसनाची झीज खरे सांगतात. कोल्हापूर-सांगलीला २०१९ आणि २०२१ मध्ये पूर आले, सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या सीना नदीनेही गावे बुडवली. म्हणून प्रत्येक आसनाचा सीटबेल्ट पूर्ण ओढून पाहा; बुडालेल्या गाडीच्या पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहिलेली असते, ती धुणाऱ्याच्या लक्षात येत नाही. टायरवरील चार अंकही वाचा: २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे.

गाडी चालवून पाहायची, तर एकट्याने पाहू नये. सहाही माणसे बसवून, दुपारी, एसी लावून तुळजापूरच्या घाटापर्यंत न्यावी. सोलापूरचा पारा एप्रिल-मे महिन्यांत ४२-४३ अंशांवर जातो आणि अशा वेळी मागच्या दोन रांगांसाठी छताला स्वतंत्र एसी नसेल, तर तिसऱ्या रांगेतील मुले अर्ध्या तासात रडकुंडीला येतात. याच कारणासाठी मी तुम्हाला मारुतीची ईको सुचवत नाही. तिचे सरकते दार गल्लीत आणि वृद्धांना सोयीचे आहे हे मान्य, पण तिची सात आसनी आवृत्ती बिनएसीची येत असे. तुमच्या आईवडिलांना दुसऱ्या रांगेत स्वतः चढून बसायला सांगा. दार उघडल्यावर पाय किती उंच उचलावा लागतो, धरायला मूठ आहे का, गुडघा वाकवताना त्रास होतो का, हे तुम्ही बाहेर उभे राहून पाहा. माझ्या आईला पहिल्या गाडीत चढताना दर वेळी स्टूल लागत असे आणि हे मी खरेदीपूर्वी एकदाही पाहिले नव्हते.

रेनॉची सात आसनी ट्रायबर नवी घेण्याविषयी तुम्ही ओझरते लिहिले आहे. तिचा विचार गंभीरपणे करावा, असे मला वाटते. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि एक लिटरचे पेट्रोल इंजिन यांमुळे २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तर अर्टिगा लांब आणि मोठ्या इंजिनाची असल्याने ४० टक्क्यांत मोडते. तिसरी रांग काढून ठेवता येते, म्हणजे चौघे असताना सामानाला भरपूर जागा मिळते. उणीव इंजिनाची आहे. सहा मोठी माणसे आणि एसी असताना घाटात ते थकते. सातही आसने लावली, तर मागे एका पिशवीपुरतीच जागा राहते. पण तिच्यावर दुसऱ्याचा बोजा नसतो. शोरूमच्या किमतीवर महाराष्ट्रात दहा लाखांखालील पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर आणि विमा धरून ऑन-रोड आकडा लेखी घ्यावा. तो तुमच्या सहा लाखांच्या वर जाईल, मात्र २०१६ च्या गाडीची नोंदणी २०३१ मध्ये संपते, मग पुनर्नोंदणी आणि हरित कर येतो, हे त्या फरकासमोर मांडून पाहावे.

पुण्यातील गाडीबद्दल मात्र एक करा. प्रवासाला निघण्याआधी दलालाकडून आरसीच्या दोन्ही बाजूंचे आणि बँकेच्या पत्राचे फोटो मागवा, एमपरिवहनवर क्रमांक तपासा, आणि बोजा अजून दिसत असेल, तर फॉर्म ३५ आल्यावरच कळवा, असे त्याला सांगा. जुनी नोंदणी असल्यामुळे एचएसआरपी (उच्च सुरक्षा क्रमांकाची) पाटी बसवलेली आहे का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या, कारण ती नसेल तर नाव बदलण्याचे काम आरटीओत अडते. फोटो पाठवायलाच तो टाळाटाळ करू लागला, तर पुण्याची फेरी रद्द करा.