कमांड पाठ करून घेऊ नका, खालची ओळ वाचायला शिकवा

ताई, तुमचा प्रश्न सकाळीच वाचला होता, पण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं. नंदुरबार जिल्ह्यातल्या आयटीआयत ड्राफ्ट्समन सिव्हिलची बॅच, पोरं २४, चालू कॉम्प्युटर ११. भिंतीवर ऑटोकॅडच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरच्या, ५० कमांडचा तक्ता लावला. पोरांनी शॉर्टकट पाठ केले, तोंडी विचारलं तर धडाधड सांगतात, पण कोरी स्क्रीन समोर आली की हात थांबतो. आणि तुम्ही विचारताय की पहिल्या महिन्यात कुठल्या २० कमांड, कुठल्या क्रमानं घ्याव्यात.

धुळे आणि जळगाव मिळून १९ वर्षं मी हेच शिकवतोय. पहिली ३ वर्षं मीही असाच तक्ता लावून शिकवलं. माझ्या एका हुशार विद्यार्थ्याला इंटरव्ह्यूत साहेबांनी कागदावर खोलीचं कच्चं स्केच दिलं आणि 'हे काढून दाखव' म्हणाले. त्याला सगळ्या कमांड येत होत्या. भिंतीची दुसरी रेघ काही काढता आली नाही, कारण ऑफसेट (रेघेला ठरावीक अंतरावर समांतर रेघ काढणारी कमांड) सुरू केल्यावर कॉम्प्युटर पुढे काय विचारतोय हे त्यानं कधी वाचलंच नव्हतं. ती चूक त्याची नव्हती, माझी होती. तेव्हापासून मी आधी कमांड लाइन वाचायला शिकवतो आणि कमांड मागाहून येतात.

स्क्रीनच्या तळाशी जी ओळ असते, ती म्हणजे किराणा दुकानदार आहे असं मी पोरांना सांगतो. तुम्ही म्हणालात साखर, तो विचारणार किती. तुम्ही म्हणालात दोन किलो, तो विचारणार अजून काय देऊ. तुम्ही 'बस, एवढंच' म्हणेपर्यंत तो हिशोब करत नाही. ते 'बस, एवढंच' म्हणजे एंटर. आपली पोरं सगळ्यात जास्त अडकतात ती इथेच. इरेज (पुसायची कमांड) घेतात, रेघ निवडतात आणि बघत बसतात. खाली 'सिलेक्ट ऑब्जेक्ट्स' लिहिलेलं असतं, म्हणजे तो बिचारा अजून 'आणखी काय देऊ' असंच विचारतोय. एंटर दाबलं की काम होतं. एस्केप म्हणजे 'राहू द्या, काहीच नको'.

त्याच ओळीत कोनाच्या कंसात आधीचा आकडा दिसतो, तो म्हणजे 'नेहमीचंच ना?' नुसतं एंटर दाबलं की हो. चौकोनी कंसात दुसरे पर्याय असतात, त्यातलं मोठं अक्षर टाइप केलं की तो पर्याय मिळतो. एवढं कळलं की न शिकवलेली कमांडही पोरं स्वतः चालवून बघतात.

इंग्रजीची भीती मोठी आहे, हे मान्य. माझ्या वर्गात निम्मी पोरं घरी अहिराणी बोलणारी. 'स्पेसिफाय' हा शब्द दिसला की डोळे तिथून निसटतात. मी फळ्यावर लिहून ठेवलं: पॉइंट विचारला की 'कथा?' (कुठे?), डिस्टन्स विचारलं की 'कितलं?' (किती?), ऑब्जेक्ट विचारला की 'कोणतं?'. वर्गात हसू पिकलं आणि त्या दिवसापासून ओळ वाचली जाऊ लागली. तुमच्याकडे भिलोरी, पावरी बोलणारी पोरं असतील तर त्यांच्याकडूनच हे शब्द काढून घ्या. तुमच्या तक्त्याच्या जागी एवढ्याच प्रश्नांचा कागद लावा.

११ कॉम्प्युटर आणि २४ पोरं ही अडचण याच पद्धतीत थोडी कामाला येते. एका मशीनवर दोघं बसवा, दोन ठिकाणी तिघं होतील. एकानं खालची ओळ मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं फक्त उत्तर टाइप करायचं. वाचणाऱ्यानं माउसला हात लावायचा नाही. दर १० मिनिटांनी अदलाबदल.

आता पहिलं चित्र. पुस्तकातले ठोकळे देऊ नका. टेप घ्या आणि पोरांकडून वर्गखोली किंवा घरातली खोली मोजून आणा. हातानं मोजलेल्या भिंतीचा आकडा चुकला तर पोराला खटकतं, पुस्तकातला चुकला तर खटकत नाही. मी बहुतेक ३००० बाय ३६०० मिलिमीटरच्या खोलीपासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडची 'दहा बाय बारा' तिच्या जवळपास जाते.

एल एंटर, म्हणजे लाइन. 'फर्स्ट पॉइंट' विचारला, कुठेही क्लिक. एफ ८ दाबून ऑर्थो चालू, म्हणजे रेघ सरळच जाणार. माउस उजवीकडे न्यायचा, ३००० टाइप करून एंटर. इथे हमखास आरडाओरडा होतो, 'सर, रेघ गायब!' रेघ स्क्रीनच्या बाहेर गेलेली असते. लाइन अजून चालूच असते, म्हणून झूमच्या झेडआधी ' हे चिन्ह लावायचं: 'झेड एंटर, ई एंटर केलं की सगळं चित्र समोर येतं. ही कमांड मुद्दाम आधी शिकवू नका. रेघ हरवू द्या, मग शिकवा, जन्मभर विसरत नाहीत. मग वर ३६००, डावीकडे ३०००, आणि शेवटी सी एंटर, म्हणजे क्लोज.

सुरुवातीला चौकोनाची तयार कमांड देऊ नका. चार सुट्या रेघांनीच काढून घ्या, कारण खरी गंमत पुढे आहे. भिंत ९ इंची, म्हणजे २३०. ऑफसेट: ओ एंटर, 'कितलं?' २३० एंटर, 'कोणतं?' रेघेवर क्लिक, 'कोणत्या बाजूला?' बाहेर क्लिक. धुळ्यातल्या नंबरच्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना मी एवढंच सांगतो की एक गल्ली काढा, बाकीच्या ऑफसेट. चारही रेघा बाहेर ऑफसेट केल्या की कोपरे उघडे राहतात, रेघा एकमेकींना भिडत नाहीत. आता फिलेट, म्हणजे दोन रेघा कोपऱ्यात जोडणारी कमांड. एफ एंटर, आर एंटर, ० एंटर, मग दोन रेघांवर क्लिक. शून्य त्रिज्येचा फिलेट म्हणजे टोकदार कोपरा. फिलेट म्हणजे गोलाईच, असं डोक्यात बसलेल्या पोरांचे चेहरे या वेळी बघण्यासारखे असतात. मग डीआय घेऊन बाहेरची लांबी मोजायला लावा. ३४६० आली पाहिजे. ३२३० आली तर ऑफसेट एकाच बाजूला झालाय.

दारासाठी ९०० ची फट ठेवायची म्हणजे ट्रिम (रेघेचा नको तो तुकडा कापणं) आलं, आणि इथे तुमचा अर्धा तास जाऊ शकतो. जुन्या पुस्तकांत लिहिलंय की आधी कापणाऱ्या रेघा निवडा, एंटर दाबा, मग नको तो तुकडा निवडा. ऑटोकॅड २०२१ पासून ट्रिम सुरू केल्याबरोबर थेट तुकडा कापायलाच लागतं. लॅबमध्ये निम्म्या मशीनवर जुनी आवृत्ती आणि निम्म्यांवर नवी असेल, तर शेजारशेजारच्या दोन पोरांचं वेगळंच घडतं आणि दोघांनाही आपलं चुकलं असं वाटतं. नव्या मशीनवर ट्रिमएक्सटेंडमोड टाइप करून ० दिलं की जुनी पद्धत परत येते. कुठलीही एक ठरवा, पण सगळीकडे एकच ठेवा.

असाच दुसरा खड्डा एफ १२ चा, म्हणजे डायनॅमिक इनपुटचा (कर्सरजवळच आकडे टाकायची सोय). तो चालू असताना दुसरा बिंदू १००,५० असा टाकला की तो आधीच्या बिंदूपासून मोजला जातो, बंद असताना मूळबिंदूपासून. एकच आकडे, दोन मशीन, दोन आकृत्या. को-ऑर्डिनेटचा धडा घ्याल तेव्हा सगळीकडे एफ १२ बंद करा आणि @ चा अर्थ नीट सांगा: 'मी आता जिथं उभा आहे तिथून'. @३०००,० म्हणजे इथून ३००० उजवीकडे. @४०००<३० म्हणजे इथून ३० अंशांत ४०००. पहिले काही दिवस एफ १२ बंदच बरं, नजर कर्सरजवळ न राहता खालच्या ओळीकडे जाते.

अॅरे (एकच आकृती ओळी-स्तंभांत मांडणारी कमांड) शिकवायला खान्देशात राहून दुसरं उदाहरण शोधू नये. केळीची बाग. एक वर्तुळ म्हणजे एक खोड, १५०० वर पुढचं, २० स्तंभ, १० ओळी, झाली २०० खोडं. एका वर्षी रावेरकडचा एक मुलगा होता, वर्गात सहसा तोंड न उघडणारा. मी म्हटलं, या अंतरानं एकरात किती बसतील ते काढा. उत्तर आलं साधारण १७९८. तो उठून म्हणाला, 'सर, आमच्याकडे पाच बाय पाचवर साडेसतराशेच्या आत-बाहेर बसतात.' त्याचं बरोबर होतं. पाच फूट म्हणजे १५२४ मिलिमीटर, मी १५०० धरले होते. २४ मिलिमीटरच्या फरकानं एकरामागे ५६ खोडं इकडची तिकडे झाली, कारण १५२४ धरलं की १७४२ येतात. फूट आणि मिलिमीटर एकमेकांत ढकलू नयेत हे मी दहा वेळा बोलून जे झालं नसतं, ते त्यानं एका वाक्यात केलं. पुढे त्याच पोरानं ओळींवरून ठिबकच्या नळ्या ऑफसेटनं टाकून दाखवल्या.

पेन ड्राइव्हवरून एकच फाइल २४ नावांनी जमा होते, ही तुमची तक्रार सगळ्यांचीच आहे. उपाय सोपा आहे. खोलीची लांबी = ३००० + रोल नंबर गुणिले १०. रोल नंबर १७ ची ३१७०, बाहेरून ३६३०. आतलं क्षेत्रफळ ३१७० गुणिले ३६००, म्हणजे ११.४१२ चौरस मीटर. एरिया कमांड चालवली की १० सेकंदांत तपासून होतं. दुसऱ्याची फाइल उघडली तरी ती बदलायला ऑफसेट, फिलेट सगळं पुन्हा करावंच लागतं, म्हणजे नक्कल करणाराही शिकतो.

वीज. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे यूपीएसचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. रेघ काढली की कंट्रोल एस, ही सवय पहिल्या तासापासून लावा. आणि .बॅक फाइलचं (सेव्ह करताना ऑटोकॅड ठेवतं ती आधीची प्रत) शेपूट बदलून ती .डीडब्ल्यूजी, म्हणजे चित्राची नेहमीची फाइल, केली की आधीचं काम परत मिळतं, हे एकदा प्रत्यक्ष करून दाखवा. रडवेल्या पोराला त्याचं चित्र परत मिळालं की त्याचा तुमच्यावर आणि मशीनवर, दोघांवरही विश्वास बसतो. फाइल उघडायची खिडकीच येत नाही, अशी तक्रार आली तर फाइलडीया टाइप करून १ द्या, कुणाच्या तरी हातून ते ० झालेलं असतं.

तर वीस नकोत. पहिल्या महिन्यात लाइन, इरेज, अनडू, झूम, ऑफसेट, ट्रिम, फिलेट, सर्कल, कॉपी, मूव्ह, मिरर, अॅरे एवढ्या पुष्कळ झाल्या. क्रम मी सांगण्यापेक्षा चित्राला ठरवू द्या, ज्या क्षणी पोरगं अडतं तो त्या कमांडचा मुहूर्त. लेयर (चित्राचे एकावर एक थर) मात्र दुसऱ्या महिन्यात लगेच घ्या. ज्यांनी ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवून काम केलंय त्यांना समजावून सांगावं लागत नाही, आणि पुढे इंजिनिअरच्या ऑफिसात नोकरी लागली की पहिल्याच दिवशी विचारतात. ब्लॉक, हॅच नंतर. थ्रीडीला या वर्षी हातही लावू नका.

बटणं की टायपिंग, असंही विचारलंय तुम्ही. ऑटोकॅड १९८२ चं आहे. २००९ च्या आवृत्तीत वरची रिबन आली आणि बटणांच्या जागा बदलल्या. एल म्हणजे लाइन आणि ओ म्हणजे ऑफसेट हे मात्र तसंच आहे. त्यामुळे टायपिंग. घरी सराव हवा असेल तर संस्थेच्या पडताळणीनंतर विद्यार्थ्यांना ऑटोकॅडचा शैक्षणिक परवाना फुकट मिळतो, वर्षाचा असतो आणि नूतनीकरण होतं. जुन्या, हळू मशीनवर लिब्रेकॅड चालतं, तेही फुकट. आणि घरी कॉम्प्युटरच नाही अशी पोरं वर्गात असतीलच, त्यांना वहीत संवाद लिहायला सांगा: डावीकडे मशीनचा प्रश्न, उजवीकडे आपलं उत्तर. साक्रीकडच्या एका मुलीनं अख्खी दोन खोल्यांची योजना अशी वहीत लिहून आणली होती. दुसऱ्या दिवशी मशीनवर बसली आणि २० मिनिटांत काढून मोकळी झाली.

एक शेवटचं, कारण कागदावर ड्रॉइंग शिकून आलेली पोरं इथे नक्की चुकतात. ती १:५० चा हिशोब डोक्यात करून ३००० ची भिंत ६० काढायला बघतात. त्यांना थांबवा. मशीनवर सगळं पूर्ण मापात, स्केल फक्त छापताना, लेआउटमध्ये (छापायच्या पानाची मांडणी). कागदावर अक्षर २.५ मिलिमीटरचं हवं असेल तर १:५० साठी मॉडेलमध्ये, म्हणजे जिथे पूर्ण मापात काढतो तिथे, ते १२५ चं लिहायचं, हे एकदा करून घ्या. मग प्रिंट काढा आणि प्रत्येकाच्या हातात साधी फूटपट्टी द्या. रोल नंबर १७ च्या कागदावर आतली लांबी ६३.४ मिलिमीटर भरली पाहिजे. साधारण ६३ भरली की सही करा. कमी भरली तर प्रिंटच्या खिडकीत 'फिट टू पेपर' वरची खूण काढायची राहिली आहे.