दोन्ही सर्व्हर म्हणतायत, मीच मेन!

प्रश्न: नमस्कार सर, इचलकरंजीत आमचा छापखाना आहे, डिझाइनच्या फाइलींसाठी दोन लिनक्स सर्व्हर जोडीने लावलेत, डीआरबीडी (एका सर्व्हरची डिस्क दुसऱ्यावर सतत कॉपी करतं), पेसमेकर (एक सर्व्हर पडला की काम दुसऱ्याकडे देतो) आणि वर एनएफएस (पीसींना नेटवर्कवरून फाइली देतं). परवा रात्री दोघांच्या मधली लाइन ज्या छोट्या स्विचवरून जाते तो जळाला, ऑफिसचं नेटवर्क मात्र चालूच होतं. सकाळी नवीन स्विच लावला तर रात्रपाळीच्या निम्म्या फाइली गायब आणि डीआरबीडी दोन्हीकडे स्टँडअलोन, म्हणजे समोरच्याशी जोडलेलं नाही, असं दाखवतंय. दोन्ही रीस्टार्ट मारू का?

उत्तर: नको! रीस्टार्टने हे सुटत नाही. याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. मधली लाइन गेली तेव्हा प्रत्येकाला वाटलं समोरचा मेला, म्हणून दोघंही प्रायमरी, म्हणजे फाइली लिहून घेणारे मेन, झाले, दोघांनी पीसी ज्याला जोडतात तोच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) घेतला आणि काही पीसी इकडे लिहीत राहिले काही तिकडे. एकाच दुकानाच्या दोन चोपड्या झाल्या, आणि डीआरबीडी त्या एकत्र करून देत नाही कारण त्याला फाइल कळतच नाही, नुसते ब्लॉक (डिस्कचे छोटे तुकडे) कळतात. म्हणून एका बाजूच्या डेटावर पाणी सोडावंच लागतं.

पण घाई नको. फाइली गायब झाल्या नाहीत, त्या दुसऱ्या सर्व्हरवर आहेत. आधी पेसमेकर मेंटेनन्स मोडमध्ये टाका, नाहीतर तो मध्येच लुडबुड करेल. मग ज्याचा डेटा सोडायचाय त्या सर्व्हरवर रिसोर्स (डीआरबीडीची डिस्क) प्रायमरी करून रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरता, माउंट करा (जोडा) आणि त्या रात्री बदललेलं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या, चार फाइली उघडून पण बघा. हे झाल्यावरच त्याच सर्व्हरवर अनमाउंट, सेकंडरी (मेन नसलेला) आणि मग कनेक्ट, सोबत डिस्कार्ड-माय-डेटा (माझा डेटा टाकून द्या). दुसऱ्यावर साधं कनेक्ट. एंटर मारायच्या आधी होस्टनेम वाचा, दोन काळ्या खिडक्या शेजारी उघड्या असल्या की भल्याभल्यांची गल्लत होते. पूर्ण डिस्क परत कॉपी होत नाही, लाइन तुटल्यापासून बदललेले ब्लॉकच जातात. दोन्हीकडे अपटूडेट दिसलं की बाजूला काढलेल्या फाइली परत टाका, मेंटेनन्स काढा.

आता खरं दुखणं. तुमच्याकडे स्टोनिथ बंद असणार, बहुतेक ठिकाणी सेटअप करणारा माणूस एरर नको म्हणून बंदच करून जातो. स्टोनिथ म्हणजे समोरच्याचा करंट तोडल्याशिवाय स्वतः प्रायमरी व्हायचं नाही. ते चालू करा आणि डीआरबीडीत फेन्सिंग (समोरच्याला अडवायची सेटिंग) रिसोर्स-अँड-स्टोनिथ ठेवा. दोन सर्व्हरमध्ये स्विच न घालता थेट केबल टाका, कोरोसिंकला (समोरचा जिवंत आहे का ते पेसमेकरला कळवणारा प्रोग्राम) ऑफिस नेटवर्कवरून दुसरी रिंग (संपर्काची वाट) द्या. डीआरबीडी ९ असेल तर तिसरा डिस्क नसलेला नोड (मशीन) घालून क्वोरम (बहुमत) मिळतो, त्याला जुना पीसी पण चालतो. स्प्लिट-ब्रेननंतर आपोआप एका बाजूचा डेटा टाकायचे (डिस्कार्डचे) पर्याय असतात, त्यातला डिस्कार्ड-झीरो-चेंजेस (जिथे काहीच बदललं नाही तीच बाजू टाकायची) ठीक, बाकीच्यांच्या नादी लागू नका. आणि या जोडीला बॅकअप समजू नका, कुणी फाइल उडवली की ती दोन्हीकडून उडते.

प्रश्न: सर्व्हर बदलला की आमच्या पीसीवर स्टेल फाइल हँडल अशी एरर येते, का?

उत्तर: दोन्हीकडच्या एक्स्पोर्ट्समध्ये (एनएफएसच्या शेअर यादीत) एफएसआयडी (फाइलसिस्टीमचा ओळख नंबर) सारखाच दिलाय का बघा, नसेल तर क्लायंटला (तुमच्या पीसीला) ती दुसरीच फाइलसिस्टीम वाटते. आणि माउंट व्हर्च्युअल आयपीवरूनच करा, म्हणजे जो पत्ता मेन सर्व्हरसोबत फिरतो त्यावरून.